दादांना मी दिलेली ‘कै.’ पदवी

चहा आधी पिऊन घ्या. मी सांगत असताना कोणाच्या नाकात चहा गेला, तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटायचं, अन् सध्या या डोक्यावर जागा शिल्लक नाही.

मी माझ्या सख्ख्या भावाला जिवंतपणी मारलं. तेही छापून. शंभर कागद काढून गावोगाव वाटले.

दचकलात ना? मीही दचकलो होतो, पण फार उशिरा. उशिरा दचकणं हा माझा जुना गुण आहे.

माझे थोरले भाऊ म्हणजे सुभेदार गणपतराव. मी त्यांना दादा म्हणायचो. आमच्यात वीस वर्षांचं अंतर. मी रांगत होतो तेव्हा ते पलटणीत गेले, मोठ्या लढाईत समुद्रापार बसऱ्याला जाऊन आले, अन् छातीवर दोन तमगे आणि छातीच्या आत कायमचा दमा घेऊन पेन्शनीत आले. बाप लवकर गेल्यामुळं मला वाढवलं ते दादांनीच. पत्रातून. दर पत्रात एक ओळ ठरलेली, “किसन शाळेत जातो काय?” वहिनी मास्तरांकडून उत्तर लिहवून घ्यायची, “जातो.” खोटं नव्हतं ते. जात होतो. पोहोचत नव्हतो.

त्यामुळं मला अक्षरं ओळखू येतात, पण अक्षरांच्या पोटात काय आहे ते कळत नाही. सगळा घोळ तिथूनच झाला.

दादा गावी आले तेव्हा त्यांनी बाजेवर पडून राहायचं की नाही? माणूस आयुष्यभर परेड करून आलेला. पण नाही! आमचं गाव नांदुऱ्यापासून दोन कोसांवर, अन् विहिरींचं पाणी खारं. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरे खणायचे आणि वाटीवाटीनं पाणी भरायचं. त्या वर्षी हैजा आला, म्हणजे पटकी. दादांनी नदीवर पलटणीचा कायदा लावला. वरच्या अंगाला प्यायचं पाणी, खालच्या अंगाला धुणं. पहाटेपासून हातात काठी घेऊन स्वतः पहाऱ्यावर उभे. पाटलाच्या घरचं धुणं वरच्या अंगाला आलं, तर दादांनी ते बोचकं उचललं अन् सरळ काठावर फेकलं.

पाटलाच्या घरचं बोचकं! झालं. पाटलानं गावाला सांगून टाकलं, “सुभेदाराशी कोनी बोलाचं नाही.”

हैजा पंधरा दिवसांत गेला. बोलणं काही परत आलं नाही. आम्ही नाल्यापलीकडे वावरात, म्हणजे शेतात, घर बांधून राहायला गेलो. तरीही दादा दर पावसाळ्यात दवाखान्यातून लाल दवा आणून गावच्या विहिरींत टाकायचे. पाणी लाल झालं की बाया शिव्या द्यायच्या. दादा ऐकून घ्यायचे अन् पुढच्या विहिरीकडे जायचे. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र विचारायचे,

“किसन्या, कोनी येऊन गेलं का बे?”

“नाई दादा.”

“बरं.”

तेवढंच. पण ते ‘बरं’ तुम्ही ऐकलं नाही. मी सहा वर्षं ऐकलं.

यंदा त्यांचा दमा फार वाढला. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं, मग मला बाजूला घेतलं. म्हणाले, “दिवाळीचं मी काही सांगत नाही.” मी बैलगाडीत दादांच्या उशाशी बसून परत येत होतो, अन् नाला ओलांडता ओलांडता ठरवून टाकलं. दादांचा सत्कार करायचा! गावानं नाही तर मी. लोकांनी यायचं, चार शब्द बोलायचे, अन् ते दादांनी स्वतःच्या कानांनी ऐकायचे. दिवाळीच्या आत.

विचार चांगला होता की नाही? माझे सगळे विचार चांगलेच असतात. पुढं माझा हात लागतो तिथं बिघडतात.

पत्रक छापायचं ठरलं. आता नावाच्या आधी काय लावावं? ‘रा. रा.’ तर आमच्या पटवाऱ्यालाही लावतात, अन् तो काय लायकीचा आहे ते मी सांगत नाही. ‘श्रीयुत’ कोणालाही लागतं. रावसाहेब, रावबहादूर ह्या पदव्या नागपूरच्या सरकारकडून येतात. तिथं आपल्याला कोण ओळखतं? अशा विचारात मी स्टेशनाजवळच्या धर्मशाळेच्या ओट्यावर बसलो होतो. समोर भिंतीत दगड बसवलेला. त्यावर मोठमोठ्या सावकारांची, दानशूरांची नावं. अन् प्रत्येक नावाच्या आधी दोनच खुणा, एक अक्षर अन् एक टिंब. ‘कै.’

कागदावरची पदवी वेगळी अन् दगडावरची वेगळी. जी पदवी दगडात कोरतात ती केवढी मोठी असेल! पुढं ‘स्मरणार्थ’ असंही लिहिलं होतं. ते मला समजलं. स्मरण म्हणजे आठवण. जित्या माणसाची काय आठवण ठेवत नाहीत?

तरी खात्री करावी म्हणून धर्मशाळेच्या चौकीदाराला विचारलं, “काका, हे कै. कोनाले भेटते हो?”

तो बिडी ओढत होता. म्हणाला, “मोठ्या लोकायले भेटते. लहान्यायलेही भेटते. पन घाई कोनी करत नाही.”

मला वाटलं, फार अर्ज-विनंत्या कराव्या लागत असतील.

तिथून उठलो तो थेट छापखान्यात. मालक म्हातारे, चष्मेवाले, पुण्याकडचे. बोलणं पुस्तकासारखं.

“काय छापायचं?”

“सभेचं पत्रक. आमच्या दादायची सभा हाय. नाव मोठं टाका. अन् नावाच्या आधी कै. पाह्यजे.”

त्यांनी चष्मा काढला. “अरेरे! काय झालं होतं त्यांना?”

“आधी हवालदार झाले, मंग जमादार, मंग सुभेदार.”

“नाही, तसं नाही. गेले कधी?”

“मी रांगत होतो तवाच गेले.”

“आणि सभा आता घेताय?”

“आतापस्तोर कोनाले सुचलंच नाही ना जी.”

म्हाताऱ्यानं खिशातून रुमाल काढला. डोळे पुसले. म्हणाला, “धन्य आहे तुमच्या मायेची. कागदाला काळी चौकट घालू?”

“चौकट? घाला की. शोभून दिसंन. जाड घाला!”

“आणि हे पाहा, अशा वेळी ‘सत्कार’ लिहीत नाहीत. ‘गुणगौरव’ लिहितो.”

“सत्कारापेक्षा जास्त हाय का त्याच्यात?”

“त्यात सगळं येतं.”

“मंग तेच लिहा.”

अन् तो कागद तयार झाला. काळ्या जाड चौकटीत, ‘कै. सुभेदार गणपतराव यांच्या गुणगौरवाची सभा, सोमवारी सकाळी, त्यांच्या वावरातील राहत्या घरी.’ शाई वाळायच्या आधी मी वास घेतला. एवढा आनंद मला लग्नपत्रिकेचाही झाला नसता.

नांदुऱ्याच्या बाजारात वाटायला उभा राहिलो. लोक कागद घ्यायचे, वाचायचे, अन् एकदम मऊ व्हायचे. जे कधी ओळख देत नव्हते ते पाठीवर हात ठेवायचे.

“धीर धर, किसना.”

“धीर कायचा हो, सारी तयारी झाली!”

“एकटाच हायेस?”

“एकटाच. दादायले तर सांगितलंच नाही ना.”

तो माणूस तोंडावर उपरणं घेऊन निघून गेला. मला वाटलं, धूळ उडाली असेल.

आमच्या गावात शिरलो तर तिथंही तसंच. मुद्दाम पाटलाच्या हातात कागद दिला. म्हटलं, घे, वाच अन् जळ. पाटलानं तो दोनदा वाचला. शेवटी म्हणाला, “मातीलेही बलावलं नाही रे आमाले? एवढा राग होता त्यायचा?”

आमच्याकडं अंत्ययात्रेला माती म्हणतात. पण मला वाटलं, तो वावराच्या मातीबद्दल बोलतो आहे. मी ताठ मानेनं म्हटलं, “आमची माती, आमचं वावर. तुमाले काऊन बलावू?”

पाटलानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. अन् मी घरी आलो तो गाणं म्हणत.

सोमवार उजाडला. लिंबाच्या झाडाखाली जाजम टाकलं. वहिनीनं पुरणाचा घाट घातला, नवी हिरवी बांगडी भरली, ओवाळायचं ताट तयार केलं. तिला एवढंच ठाऊक होतं की लोक येणार आहेत. दादांना मी म्हटलं, “दादा, आज वर्दी घाला.”

“काऊन बे?”

“घाला ना. मी सांगतो मंग.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पेटी उघडली. पायाला पट्ट्या गुंडाळायच्या म्हणजे त्यांना दर वेढ्याला थांबून श्वास घ्यावा लागत होता. मी दार लोटून बाहेर आलो.

अन् बाहेर पाहतो तर काय! माणसंच माणसं. नाल्यापासून रांग लागलेली. नांदुऱ्याचे, आमच्या गावचे, ज्यांनी सहा वर्षं आमच्या धुऱ्याला, शेताच्या बांधालाही, पाय लावला नव्हता ते सगळे. कोणी हसत नव्हतं, कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मला वाटलं, काय हा दादांचा दरारा!

मी काही बोलायच्या आधीच पाटील उभा राहिला. “सुभेदार आज आपल्यात नाहीत...”

मी मध्येच म्हटलं, “येऊन राह्यले, येऊन राह्यले! पट्ट्या गुंडाळून राह्यले.”

सगळ्या सभेनं माझ्याकडं पाहिलं अन् हुंदका दिला. कोणीतरी माझा हात धरून मला खाली बसवलं. मागून आवाज आला, “पोराच्या डोक्यावर परिनाम झाला रे.”

पाटील पुढं बोलू लागला. “हैज्याच्या साली माह्या घरी दोन लेकरं होती. दोन्ही वाचली. कोनामुळं वाचली, हे मले तवाच माहीत होतं. तरी म्या बोलनं तोडलं, अन् गावालेही तोडाले लावलं. बोचकं फेकलं त्याचा राग मले सहा वर्सं पुरला. आज कोनाची माफी मागू?”

मी तोंड वासून ऐकत होतो. एवढं मोठं भाषण! माझी अपेक्षा ‘सुभेदार चांगले माणूस’ एवढीच होती.

मग गावाबाहेरच्या वस्तीवरचा सोनाजी पुढं झाला. तो जाजमावर बसला नव्हता, त्याच्या जातीला तिथं कोणी बसू दिलं नसतं. लांब धुऱ्यावर उभा होता. तिथूनच बोलला. “माही घरवाली हैज्यात गेली तवा उचलाले मी अन् माहा लहान पोरगा. आमच्या वस्तीतलेही दारं लावून बसले. सुभेदार आले, कोट काहाडला अन् खांद्यावर घेतली तिले. नदीपस्तोर एकदाही खाली ठेवली नाही. मी म्हटलं, जी, तुमाले बाट लागंल. तर म्हने, बसऱ्यात कोन कोनाले उचलत होतं ते कोनी इचारलं नाही.”

ही गोष्ट दादांनी घरात कधी सांगितलीच नव्हती.

तेवढ्यात शाळेचे गुरुजी उभे राहिले अन् रीत म्हणून पत्रक मोठ्यानं वाचू लागले. “कैलासवासी सुभेदार गणपतराव यांच्या...”

कैलासवासी?

तो शब्द मला ठाऊक होता. बाप गेला तेव्हा घरात तोच शब्द होता. कै... कैलासवासी! डोक्यात धर्मशाळेचा तो आख्खा दगड पडला. म्हणजे ते सावकार, ते दानशूर... सगळे मेलेले? अन् मी माझ्या दादांना त्यांच्या रांगेत नेऊन बसवलं?

ओरडायला उठलो, तर घराच्या खिडकीकडं नजर गेली. गजांच्या मागं दादा उभे होते. अंगात कोट, तमगे लावलेले, एका पायाला पट्टी गुंडाळलेली अन् दुसरीची गुंडाळी हातात. सगळं ऐकलं होतं त्यांनी. डोळे भरून आले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, अन् हातानं मला खूण केली. बस. बोलू दे त्यायले.

मी बसलो. काय करणार? सुभेदाराचा हुकूम होता.

आणखी दोघं-तिघं बोलले. दादा गज धरून ऐकत राहिले. असंच निभावून गेलं असतं हो! पण लोणारच्या आत्याला मी पोस्टानं कागद धाडला होता. तिची गाडी तेव्हाच येऊन मागच्या दारी लागली. नाल्यापासूनच तिचा आवाज, “गण्या रे, माझ्या सोन्या! म्हातारीला सोडून कसा गेलास रे!” अन् स्वयंपाकघरात वहिनी ओवाळायचं ताट घेऊन उभी. कपाळावर रुपयाएवढं कुंकू!

पुढचं संभाषण मी बाहेर बसून ऐकलं.

“अगं बये, हे काय? कुंकू अजून पुसलं नाहीस? बांगड्या तशाच?”

“काऊन वो आत्याबाई? कालच भरल्या. चांगल्या नाहीत का?”

“अगं, नवरा गेला ना तुझा!”

“कुठी गेले? आत्ता तर आत होते. पायाले पट्ट्या गुंडाळून राह्यले.”

“वेडी झाली गं पोर! आण तो हात इकडं!”

मग बांगड्या फुटायचा आवाज, ताट पडल्याचा आवाज, अन् वहिनीची किंकाळी. ती किंकाळी ऐकून दादा दार उघडून बाहेर आले. पूर्ण वर्दीत. एका पायाची पट्टी मागं फरफटत.

तुम्ही दोनशे माणसं एकदम पळताना पाहिलीत का? जाजमासकट पळाली. गुरुजी लिंबावर चढले. ते कसे चढले हे त्यांनाही अजून उमगलं नाही. पाटील पळता पळता धोतरात अडकून पालथा पडला, तिथूनच रामराम म्हणू लागला. कोणाला करत होता, देवाला की दादांना, कोण जाणे.

एकटा सोनाजी पळाला नाही. धुऱ्यावरूनच हात जोडून म्हणाला, “सुभेदार, जिते हाय का जी? बरं झालं.”

दादा म्हणाले, “हाव सोनाजी. हावो थोडा.”

मग लोक एकेक करून परत आले. दादांना बोट लावून पाहिलं, अन् माझ्याकडं वळले. त्या शिव्या इथं सांगत नाही. पाटील धूळ झटकत उठला. दादा म्हणाले, “पाटील, बसा. राह्यलेलं बोला.”

पाटलानं पागोटं सारखं केलं. म्हणाला, “सुभेदार, मी मेलेल्या मानसाबद्दल बोललो. जित्या मानसाबद्दल माहं तसं काही म्हननं नाही.”

अन् तरातरा निघून गेला! दादा हसत सुटले. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता खोकला आला, मग श्वास लागला, आम्ही त्यांना धरून आत नेलं. लोक पुरण न खाताच गेले. आत्या तेवढी राहिली. ती म्हणाली, “मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. आता माझा गण्या शंभर वर्षं जगतो.” अन् वहिनीनं फुटक्या बांगड्या गोळा करून झाल्यावर लाटणं उचललं ते माझ्याचसाठी. तीन बसले. मोजायचं कारण नव्हतं, पण लक्षात राहिले.

दादा मात्र दिवसभर खूश होते. दर थोड्या वेळानं म्हणायचे, “पाटलाच्या लेकरायचं ऐकलं का बे? दोन्ही वाचली म्हने.” वाटीभर पुरण खाल्लं. दिवस मावळायच्या आधी मला हाक मारली. मी ओट्यावर पाठ चोळत बसलो होतो, रुसून.

“किसन्या, सारे बोलले. तू काय बोलनार होता रे?”

मी खरंच पाठ केलं होतं. दोनच वाक्यं होती. पण लाटण्याचा राग होता, गावभर हसं झालं होतं, अन् सख्ख्या भावाला तोंडावर कसं म्हणायचं, लाजही वाटली. म्हटलं, “मी काय, घरचाच हावो. बोलीन कवाही.”

“बरं,” दादा म्हणाले.

नवव्या दिवशी सकाळी ते गेले. खरे गेले. मी गावात सांगायला धावलो, तर पहिल्याच ओट्यावरचे लोक हसले. “आता कोनती पदवी देऊन राह्यला बे?” दुसऱ्या ओट्यावर कोणी मान वर केली नाही. खांद्याला माणसं कमी पडली. सोनाजी धुऱ्यावरून आत आला अन् मी त्याला चौथ्या खांद्याला उभं केलं. त्यावर बोट ठेवायला गावातलं तिथं कोणी नव्हतंच.

हसा, हसा. मलाही हसू येतं. ते कुठपर्यंत टिकतं ते सांगता येत नाही, म्हणून चहा लवकर संपवायला सांगितलं.

पण माझी खरी फजिती ती ‘कै.’ची नाहीच. ती तर छापखान्याची चूक म्हणून धकून गेली असती. खरी सांगतो. दोनशे माणसांना वाटलं दादा मेले, म्हणून पोटातलं सगळं बोलून मोकळी झाली, अन् दादांनी ते ऐकलं. आख्ख्या सभेत दादा जिते आहेत हे पक्कं ठाऊक असलेला शहाणा एकच होता, अन् त्या शहाण्यानं विचार केला, घाई काय आहे?